मुरारीचा पेटा

कोंबडीत पेटा एकच असतो आणि आमच्या घरात तो मुरारीचा असतो. मुरारी माझा धाकटा भाऊ, मुंबईला कामाला. वर्षातून दोनदा तो पोलादपूरला एसटीतून उतरला की आयेला कोंबडी आठवते. कोंबडी पाळतो मी, कापतो मी. तिला दात नसतात, खाल्लेल्याचं सगळं दळण पोटातल्या त्या पेट्यात होतं. तो चिरून आतले खडे काढायचे, पिवळी साल सोलायची, तेही मीच. आणि आये वाढणार मुंबईकराला! वीस वर्षं मी नुसता रस्सा ओरपत त्याच्या ताटाकडे बघतोय.

काल आये भाकरी आणायला चुलीकडे वळली आणि मुरारीने पेटा गुपचूप माझ्या ताटात टाकला. त्याच्यापुढे जेमतेम दोन घास भात होता.

"तुझी भीक नको मला," मी म्हणालो.

त्याने शर्ट वर केला. छातीखालून थेट बेंबीपर्यंत टाक्यांचा वण.

"गाठ होती, दादा. डॉक्टरांनी जठरच काढलं. आता असलं काय झेपत नाय. आयेला सांगू नको."

तिची पावलं वाजली तसा मी पेटा घाईघाईने तोंडात टाकला.

"मुरारी, पेटा शिजलाय ना रे नीट?"

"एकदम मऊ झालाय गो आये," तो हसत म्हणाला.



माझ्या तोंडातला तोच पेटा मला काही केल्या गिळवेना.