बसणाऱ्याचं वजन

वाळूची गोणी सीटवर चढवताना बाबांची कंबर धरली, पण त्यांनी गोणी सोडली नाही. दोरीने ती घट्ट बांधली. मग उकिडवे बसून ते मागच्या चाकापासून सीटच्या कडेपर्यंत टेप लावून बघू लागले. बसणाऱ्याच्या वजनाने मोटरसायकलची स्प्रिंग किती दबते, त्यावर ती किती आवळायची हे ठरतं. बसणारा होता दूर डोंगरात. म्हणून त्याच्या वजनाची वाळू.

जिन्यात आई येऊन उभी राहिली.

"लेकाला खाली उतरवा आणि जेवायला या."

"उतरवतो. एवढं माप होऊ दे."

त्या लेकाला घरात सगळे उंट म्हणत. दारातून वाकल्याशिवाय आत येत नसे. आता तो डोंगरातल्या हवामान केंद्रावर वारा आणि पाऊस मोजत होता. डांबरावर पळेल आणि दगडमातीतही अडणार नाही अशी हलकी गाडी घ्यायची, ती घेऊन महिनाभर भटकायचं, हे त्याचं कॉलेजपासूनचं वेड. बाबा निवृत्त ड्राफ्ट्समन. हाताला काम नसलं की त्यांचा जीव कासावीस होई. तेव्हा जुनी गाडी त्यांनीच विकत घेतली आणि उंट रजेवर येईपर्यंत ती तयार करायला घेतली.

उंट फोनवरून सांगे, बाबा करत. हँडल वर उचललं. सीटमध्ये जाड फोम भरला. इंजिनाला दगड लागू नये म्हणून खालून पत्रा बसवला. टाकी मोठी केली. लोखंडी कॅरियर काढून अ‍ॅल्युमिनियमचं लावलं, कारण उंटाचं म्हणणं, आडरानात गाडी पडली तर एकट्याला उचलता आली पाहिजे. स्वतः बाबा त्या सीटवर बसले की त्यांचे पाय हवेत लोंबकळत.

"उंट उंटावरून शेळ्या हाकतोय," आई म्हणायची. "आणि शेळीला त्यात धन्यता वाटतेय."

शेळीला खरंच वाटत होती. खुशाली दोन वाक्यांत संपते, नटबोल्ट अर्धा तास पुरतात. बाबांना पोराची फार आठवण येई, आणि ती सरळ सांगायची सवय त्यांना कधी लागलीच नव्हती. आई तर फोनवर त्याहून कमी बोले. ती घरी कपडे शिवायची. तोंडात टाचण्या धरल्या की माणसाला बोलावं लागत नाही.

दरड कोसळून वरचा रस्ता तुटला होता. केंद्राचं सामान खेचरांवरून जायचं. पण खेचरांच्या वाटेने वर जायला बदलीचा माणूस काही तयार होईना, आणि तो पोचल्याशिवाय उंटाला जागा सोडता येईना. रजा दोनदा मंजूर झाली, दोनदा रद्द झाली.

फोन वाजला. पडद्यावर उंट, मागे पांढरं धुकं.

"बाबा, स्प्रिंग झाली?"

"होतेय. वाळू भरलीय तुझ्याएवढी."

"घाई करू नका. रस्ता यंदा काही होत नाही म्हणतायत."

बाबा म्हणाले, "बरं. मग टायरही बदलून टाकतो."

आईने फोन हातात घेतला. नीट बघितलं. "जेवतोस ना?" एवढं विचारलं आणि परत दिला.

फोन संपला तशी ती गोणीपाशी गेली. तोंड सोडलं आणि ओंजळी भरभरून वाळू बाहेर टाकू लागली.

"अगं, हे काय करतेस? वजन बरोबर आहे!"

"त्याची कॉलर बघितलीत? शर्ट मी शिवलेला आहे. गळा एवढा सैल नव्हता त्याचा."

बाबा गोणीकडे बघत राहिले. गोणी खचली होती. त्यांनी पाना उचलला.

"एक विचारू?" आई म्हणाली. "ही असली गाडी लोक कशासाठी घेतात हो?"

"जिथे रस्ता नाही तिथे जायला."

"आणि आपला उंट का येत नाही?"

बाबांनी पाना खाली ठेवला आणि गाडीकडे नव्याने बघितलं.

"काखेत कळसा," आई पुटपुटली.

बाबांनी गोणी उतरवली. त्या दुपारी जेवण तसंच राहिलं. त्यांनी सीट उसवली आणि फोम काढून टाकला. आईने लगेच ती मशीनवर शिवून दिली. हँडल खाली आलं. बाबा बसले तेव्हा चवडे जमिनीला टेकले.

"चालेल," ते म्हणाले. "उद्या सकाळी निघतो. हलकी आहे, पडली तर एकट्याला उचलता येईल. तू काळजी करू नकोस."

आईने खाली बसून टेप लावला आणि आकडा सांगितला. बाबा उतरले. मान खाली घालून ते स्प्रिंगची कडी आवळू लागले. कडी गंजलेली होती, हलायला तयार नव्हती. शेवटी हलली. घाम पुसत त्यांनी वर बघितलं.

आई गाडीवर बसली होती. मागच्या बाजूला, दोन्ही हातांनी कॅरियर धरून. डोळे भरून आले होते, पण आवाज नेहमीसारखाच होता.

"तुम्ही पुढे बसा," ती म्हणाली. "टेप धरायला आता तिसरं कुणीतरी बोलवा."