वाळूचा पट्टा

राहुरीहून, कृषी विद्यापीठातून रानात आलेल्या यशोधराबाईंनी भागिरथीनं पुढं केलेल्या पिशवीत हात घातला आणि तसाच थांबवला. माती पिठासारखी मऊ होती.

"मावशी, ही वाळवली का?"

"व्हय तर! ऊन दावलं, चाळली, खडान् खडा येचला. मागं माती तपासायला अशीच न्हेल्ती."

"ती खतासाठी. ह्यात जिवंत किडे शोधायचे होते. उन्हानं मेले असणार."

"पर किडं मला तर कुटं दिसलं न्हाईत."

"डोळ्यांना दिसत नाहीत ते."

भागिरथीचा पाय एका जागी ठरेना. जे दिसत नव्हतं ते सगळं तिनं जावेच्या माथी मारलं होतं. पोळ्याच्या दिवशी, पारावर, चारचौघींत: लंकाबाईनं माझ्या रानात करणीचा उतारा टाकला, म्हणून कपाशी बसली. तेव्हापासून लंकाबाईच्या दारात कुणी हळदीकुंकवालाही फिरकत नव्हतं.

यशोधराबाईंनी खुरप्यानं कपाशीचं एक खुजं झाड हलकेच उकरून काढलं. मुळांवर जोंधळ्याएवढ्या गाठी, पोत ओवावी तशा.

"सूत्रकृमी. मुळात शिरतात, झाडाला पाणी चढू देत नाहीत. काळ्या चिकट मातीत त्यांना सरकता येत नाही. वाळूसर रानात फावतं. हा ओढ्यानं टाकलेला वाळूचा पट्टा. वाळू संपेल तिथं रोग संपेल. बांध बघून नाही."

भागिरथीनं बांधापलीकडं पाहिलं. लंकाबाईच्या काळ्या रानात कपाशी कमरेला लागत होती. पण बांधालगतच्या ओळी पिवळ्या, गुडघ्याखाली. रोज डोळ्यांसमोर होत्या त्या.

"म्हंजे... कुनी केलं न्हाई?"

"ओढ्यानं केलं म्हणा हवं तर," यशोधराबाई हसल्या.

भागिरथीला हसू आलं नाही. तिनं झाड उचललं. बांधापर्यंत गेली, मागं फिरली, पुन्हा गेली. शेवटी बांध ओलांडला.

लंकाबाई कापूस वेचत होती. जावेच्या हातातलं मुळासकट उपटलेलं झाड बघून ती दोन पावलं मागं सरली.

"ह्ये किडं हायेत गं, लंके. तुज्या बी रानात शिरल्यात. बघ की, ह्या गाठी..." भागिरथीचा आवाज बोलता बोलता खाली उतरत गेला.

लंकाबाईनं झाड घेतलं. एकेक गाठ बोटानं चाचपली. मग झाड परत जावेच्या हातात ठेवलं.

"ह्यातली माज्या नावाची कोंची, अक्का? तेवढी तोडून दे. गावाला दावून येते."