पहिल्या नंबरचा पेशंट

तीनशे बारा चुकांपैकी तीनशे अकरा निघाल्या होत्या, आणि उरलेली एक धीरजच्या डोक्यावर मिऱ्या वाटत बसली होती.

प्रोग्राम होता सिंदी मेघेच्या एका डोळ्यांच्या दवाखान्याचा, आठ वर्षांपूर्वी व्हीबी नावाच्या जुन्या कॉम्प्युटर-भाषेत लिहिलेला. तो आता डॉटनेटवर, म्हणजे नव्या प्रणालीवर, न्यायचा होता. नेण्याआधी काय काय अडेल ते कळावं म्हणून धीरजने स्वतः एक टूल बनवलं होतं. नाव ‘चाळणी’. ती प्रोग्राम चालवायची नाही, नुसती ओळीन् ओळ वाचायची आणि कुठली ओळ नव्याला पचणार नाही ते सांगायची. चाळणीने ‘शून्य चुका’ म्हटलं, की दवाखान्याचा ट्रस्ट आपल्या बाकीच्या चार दवाखान्यांचंही काम देणार होता. तेवढ्या भरवशावर धीरज नागपूरची नोकरी सोडून आला होता.

आणि हे शून्य एका पेशंटपायी अडलं होतं!

“लहानू गणपत, केळझर. डावा डोळा. ऑपरेशन झालं, तब्येत ठीक,” त्याने स्क्रीनवरची ओळ मोठ्याने वाचली. “काका, हे नाव तुमी प्रोग्राममंदीच लिहून ठेवलं! दर कॅम्पची यादी बनली का हा बुवा आपोआप पयल्या नंबरवर. केसपेपर नंबर नाई, काही नाई. जुन्यात रिकामा नंबर चालून गेला, डॉटनेटमंदी नाई चालत.”

काका म्हणजे बाबाराव, दवाखान्याचे जुने कारकून. कॉम्प्युटर आला तेव्हा वर्ध्याला क्लास लावून, एका बोटाने टाइप करत त्यांनी हा प्रोग्राम लिहिला होता. एका फंक्शनचं नाव ‘येजो’, दुसऱ्याचं ‘जाजो’. धीरजने चार दिवस कपाळ बडवून घेतलं होतं.

“मंग त्याले नंबर दे एखादा,” बाबाराव चहा फुंकत म्हणाले. “पन राहू दे.”

“काऊन राहू दे? हाये कोन हा?”

बाबारावांनी दाराकडे पाहिलं. उद्याच्या मोफत ऑपरेशनच्या कॅम्पसाठी आलेले तेवीस म्हातारे-म्हाताऱ्या बाहेर व्हरांड्यात पथाऱ्या टाकून बसले होते. “राहू दे म्हनलं ना बाप्पा,” ते हळूच म्हणाले.

धीरजचं टाळकं सटकलं. “बोगस पेशंट हाये ना? अनुदानासाठी आकडा फुगवता?”

बाबारावांनी कप बशीत आपटला. “अहवालात मी त्याले मोजतच नाई. खाली लिवलं हाये, एकूनातून एक वजा. तुही चाळनी सबन वाचते ना? मंग तुले वाचाले काय झालं?” एवढं बोलून ते उठले ते गेलेच.

आता वाचत बसतंय कोण! धीरजने लहानूची ओळ पुसली, ती वजाबाकीही पुसली आणि चाळणी लावली. शून्य. सुटलो एकदाचा, म्हणून त्याने खुर्चीतच अंग ताणलं.

रात्रीतच त्याने प्रोग्राम डॉटनेटवर चढवला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या प्रोग्राममधून यादी छापून आली. ती वाचून दाखवायचं काम बाबारावांचं, कारण पेशंटांना कुठलं वाचायला दिसतंय! ते व्हरांड्यात उभे राहिले. कागदाकडे पाहिलं, मग धीरजकडे पाहिलं.

“पयला नंबर,” ते अडखळले, “वच्छलाबाई कवडू, सेलू.”

वच्छलाबाई भाजीपाला पिकवायच्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. निंदणाला बसल्या की मेथी उपटायच्या आणि गवत राखायच्या. शेवटी सुनेने ताकीद दिली होती, डोळे करून आणा नाही तर वावरात पाय ठेवू नका. वावर सुटणं म्हणजे त्यांचा जीवच जाणं. म्हणून आल्या होत्या.

“माह्या आंधी कोनीच नाई?”

“नाई.”

“म्हन्जे पयली सुरी माह्याच डोयात? ना बाप्पा ना! दुसऱ्या कोनाचं पाहून मंग पाहू.” त्यांनी पिशवी उचलली आणि कठडा चाचपत निघाल्याच.

दुसरा नंबर तानबाचा. “मंग मी कायले पयला होऊ?” म्हणून तोही उठला. त्याच्यामागे आणखी चौघं. पथाऱ्या गुंडाळल्या जाऊ लागल्या. आत डॉक्टर हात धुऊन तयार होते. गोपिका सिस्टर दटावून दमली, हात जोडून दमली. कोणी ऐकेल तर शपथ!

“काका, बोला ना काईतरी!” धीरजचा आवाज फाटला.

“काय बोलू?” बाबाराव दातओठ खात पुटपुटले. “अगदी पयल्या कॅम्पले असेच सबन पळाले होते. त्याच्यातले दोघं आंधळेच मेले. तवापासून आठ वर्सं झाले, पयलं कोनीच बसत नाई. तो बसते, कागदावर. विचार आता तुह्या चाळनीले.”

धीरज गोपिका सिस्टरचा हात धरून तिला ओढतच आत घेऊन गेला.

वच्छलाबाई शेवटच्या पायरीवर होत्या, तेवढ्यात आतलं दार उघडलं. हिरवा झगा घातलेला, डाव्या डोळ्यावर जाड पट्टी बांधलेला एक पेशंट भिंत धरत बाहेर आला आणि बाकावर टेकला.

“झालं बाप्पा! उगाच भेत होतो.”

वच्छलाबाई थबकल्या. “दुखलं का रे?”

“नाई मावशी. कवा झालं ते कळलंबी नाई.”

त्या मागे वळल्या. पिशवी खाली ठेवून त्यांनी हात पुढे केला आणि त्याच्या डोळ्यावरची पट्टी बोटांनी नीट चाचपून पाहिली. “कोन गावचा तू? नाव काय?”

“केळझरचा,” धीरज म्हणाला. “लहानू गणपत.”