जुने टायर

"मागचे दोन बदला," साहेबराव गुरुजी म्हणाले. पुढचे दोन त्यांनी गेल्या उन्हाळ्यात इथंच बदलले होते.

चन्नबसप्पानं दोन नमुने पुढं ठेवले. "ह्याची पावसात पकड लई चांगली हाय."

"पाऊस कुठं हाय? तिसरं साल कोरडं चाललंय."

"मंग हा कडक रबराचा घ्या, तापल्या डांबरावर टिकतो. रोजचं चालणं किती?"

"आता उदगीरातल्या उदगीरात. लातूरच्या दवाखान्याच्या चकरा संपल्या."

गुरुजींच्या बायकोच्या मातीला चन्नबसप्पाही गेला होता. त्यानं कडक रबराचे टायर बसवले आणि जुने दोन सवयीनं दुकानामागच्या ढिगाकडं ढकलले.

"ते डिक्कीत टाका."

"काय करता नेऊन, गुरुजी? सोमवारी उदगीर जिल्हा व्हावा म्हणून परत रास्ता रोको हाय, पोरं नेतील जाळायला. जिल्हा झाला की मोठा दवाखाना हितंच होईल, लातूरला पळायचं काम न्हाई. गेल्या साली तुम्हीच असं म्हणून दोन्ही टायर दिले होते की."

"दिले होते." गुरुजींनी स्वतःच वाकून एक टायर उचलला. "टायर लई येळ जळतात, चन्नबसप्पा. त्या दिवशी हिला मागच्या सीटवर झोपवून मी दोन तास माझ्याच टायरांच्या जाळासमोर थांबलो होतो."