टाकली की

हुपरीत एस.टी.तून उतरल्या उतरल्या कृष्णातनं चहा मागवला, तो काही तलफ आली म्हणून नव्हे. चहाच्या दुकानासमोरच पैंजणं घडवायचा कारखाना होता, आणि तो चालवणाऱ्या बाळासोचं स्थळ त्याच्या धाकट्या लेकीला, तानाला, सांगून आलं होतं.

पोरगा तिशीला टेकलेला. धंद्याच्या नादात लग्न राहून गेलं, असं मध्यस्थ म्हणाला होता. घर कुणाच्या नावावर, घरात माणसं किती, हे सगळं विचारून यायला बायकोनं बजावलं होतं. कृष्णातच्या डोक्यात मात्र एकच गोष्ट. थोरल्या लेकीचा नवरा दारुडा निघाला आणि त्याच्या मारानं ती जिवानिशी गेली. तेव्हापासून शिवाजी पेठेतल्या आपल्या दुकानात कृष्णात पिऊन आलेल्या माणसाची सायकलसुद्धा दुरुस्तीला घेत नसे. तानाला तो दारूच्या वाऱ्यालाही उभी करणार नव्हता.

आता सोयरिकीच्या चौकशीत 'दारू' हा शब्द कोण तोंडातून काढतो? पोरीचा बाप तर मुळीच नाही. बशी खाली ठेवून त्यानं चहावाल्या हुसेनला हळूच विचारलं, "चाचा, पोरानं कधी टाकलीबिकली न्हाय न्हवं?"

हुसेनचाचा जरा घुटमळला. "तुमच्या कानावर आलंच म्हणा. टाकली की."

कृष्णात बाकावर पुढं सरकला. "सारखं चालतं काय?"

"सारखं कोण टाकंल, पावणं? एकदाच. दुखणं हुतं. ताप काय हटंना. डॉक्टर झालं, झाडपाला झाला. शेवटाला वैतागून टाकली."

"आन् त्येच्या म्होरं?"

"त्येच्या म्होरं कुठली? खाली मान घालून काम करतंय पोरगं."

कृष्णातचा जीव भांड्यात पडला. तापात घोटभर ब्रँडी कोण घेत नाही? त्याच्या बापानंही घेतली होती. चाचानं लपवाछपवी केली नाही, याचंच त्याला बरं वाटलं. दिवाळीनंतर त्यानं लग्न उरकलं.

जावई वावगा शब्द बोलत नसे. शेजारी बसून कृष्णात गुपचूप त्याच्या तोंडाचा वास घेई आणि समाधानानं घरी परते.

पावसाळ्यात तानाला ताप भरला, तो उतरेना. बाळासोनं स्वतः तिला माहेरी आणून सोडलं. बरी झाली की न्यायला येतो म्हणाला. ताना बरी झाली. दसरा झाला तरी त्याचा पत्ता नाही, निरोपाला उत्तर नाही. रोज सकाळी ती पिशवी भरायची आणि संध्याकाळी पुन्हा रिकामी करायची. ते कृष्णातला बघवेना, म्हणून तो हुपरीला आला. बाळासोच्या आईनं उंबऱ्यावरूनच वाटेला लावलं. आता घरी जाऊन तानाला काय सांगायचं, या विचारानं खचून तो चाचाच्या बाकावर येऊन बसला.

चाचानं न मागता चहा पुढं केला.

"कसं करायचं, चाचा?" कृष्णातनं विचारलं. "नेतच न्हाय ओ तिला."

चाचानं किटली खाली ठेवली.

"पयली बायकू बी त्येनं तापापायीच टाकली," तो म्हणाला. "तवाच सांगितलं हुतं की तुमास्नी."