स्थानिक नमुना

सासूबाईंची दाढ नापास झाली. यंत्रावर बसणाऱ्या मुलीने भांडी पुन्हा धुतली, आम्लाची नवी बाटली उघडली, दाढेचा उरलेला तुकडा पुन्हा विरघळवून पाहिला. आकडा काही हलेना.

“मॅडम, रागावू नका,” ती म्हणाली. “तुमच्या सासूबाई बाहेरच्या आहेत.”

सुनेला आधी हसूच आलं. या प्रयोगशाळेत ती नदीकाठच्या एका पुरातन दफनभूमीतले दात तपासत होती. माणूस लहानपणी जिथलं पाणी पितो, जिथलं धान्य खातो, तिथल्या खडकाची खूण त्याच्या दाताच्या कवचात उतरते. खडक बदलला की त्यातल्या स्ट्रॉन्शियमचा आकडा बदलतो, आणि एकदा घडलेलं कवच मेल्यावरसुद्धा बदलत नाही. पुरलेल्यांपैकी बरेच जण इथले निघाले होते, पण तितकेच वरच्या काळ्या डोंगरातले. डोंगरातून दळायचे दगड खाली येत, इथलं मीठ वर जाई, आणि अशी ये-जा करता करता माणसं राहून जात.

ताडून बघायला आजच्या काळातला एखादा अगदी पक्का इथला दात हवा होता. माणूस कुठे वाढला याची आधी चौकशी करायची, असा रिवाज. सुनेने ती केली नाही. सासूबाईंची दाढ काढली तेव्हा त्यांनीच ती रुमालात गुंडाळून तिच्या हातात ठेवली होती. “ने,” मान उडवत त्या म्हणाल्या होत्या. “आमच्याइतकं इथलं तुला दुसरं कोण मिळणार?” घरात या वाक्याला कुणी हरकत घेत नसे. कुणाची बिशाद होती?

सध्या तर याच वाक्यापायी घरातली जेवणं मुकाट्याने होत होती. नातीने लग्न ठरवलं होतं. मुलगा काळ्या डोंगरातला, इथे पुलाच्या कामावर इंजिनिअर. आजी हो म्हणाली तरच लग्न करीन, असं नातीने सांगून टाकलं आणि आजी काही हो म्हणेना. तो घरी आला तेव्हा सासूबाईंनी त्याची पार उलटतपासणी घेतली. मध्येच त्याला त्याच्या आईचा फोन आला. खिडकीशी जाऊन तो आपल्या डोंगरी बोलीत दोन वाक्यं बोलला, तोच सासूबाई ताडकन उठल्या, खोलीत गेल्या आणि धाडकन दार लावून घेतलं. पोराचं तोंड एवढंसं झालं. त्या दिवसापासून सासूबाईंच्या तोंडी त्याचं नाव एकच, डोंगऱ्या.

सुनेने आकड्यांचा कागद छापून घेतला. डोंगरातल्या दातांच्या ऐन घोळक्यात सासूबाईंचा ठिपका बसला होता. आता बऱ्या सापडल्या, असं म्हणत तिने वाटेत चांगलं खरमरीत भाषण तयार केलं.

सासूबाई स्वयंपाकघरात मटार सोलत होत्या. सुनेने कागद ताटाशेजारी ठेवला. “आई, तुमची दाढ काळ्या डोंगरातली निघाली.”

सासूबाईंनी हातातली शेंग सोलून संपवली. कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही.

“दहा वर्षांची होते,” त्या म्हणाल्या. “आई गेली, म्हणून मावशीने इथे आणलं. शाळेत तोंड उघडलं की पोरी हसायच्या. डोंगरी म्हणायच्या. मग मी तोंडच उघडलं नाही, ते पार तुमची भाषा येईपर्यंत. तुझ्या सासऱ्यांनाही कधी बोलले नाही.”

सुनेचं भाषण बाजूलाच राहिलं. राग मात्र थोडा उरला होता. “आणि तरी त्या पोराला डोंगऱ्या म्हणता? त्याची बोली ऐकून तोंडावर दार लावून घेतलंत?”

“तो घरात आला, की आज ना उद्या मी त्याच्याशी त्याच बोलीत बोलून बसणार होते. मग तुम्ही सगळे हसला असता.”

“कोण हसलं असतं, आई?”

सासूबाईंनी मटारचं ताट बाजूला सरकवलं.

“पोरीला सांग, आजी हो म्हणाली,” त्या म्हणाल्या. “आणि त्याला सांग, पुढच्या वेळी फोनवर जपून बोल. ‘म्हातारी तिखट आहे गं, पण मान अगदी आपल्या आजीसारखी उडवते,’ असं आईला सांगत होता. तुम्हा सगळ्यांसमोर रडवलं असतं मेल्याने.”