शेवटच्या पानावरचं कोडं

"पुस्तक नातीसाठी घेतलंत की स्वतःसाठी?" दार उघडता उघडताच तिनं विचारलं.

साहेबांनी या काखेतलं पुस्तक त्या काखेत घेतलं. "नातीसाठी. पण आधी मी चाळलं. सवय."

"सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते काय खोटं? या, बसा."

युद्धाच्या काळात शत्रूचे संदेश उलगडणारी एक कचेरी तळघरात चालायची. साहेब तिचे प्रमुख आणि ही तिथली सगळ्यात धाकटी कारकून. बोटं कायम निळी, म्हणून सगळे तिला शाई म्हणायचे. आता तिचे केस पांढरे झाले होते आणि ती मुलांसाठी हेरांची, गुप्त लिप्यांची पुस्तकं लिहायची. बोटं अजून निळीच होती.

साहेबांनी दार समोर दिसेल अशी खुर्ची निवडली. टेबलावर मुलांच्या पत्रांचा ढीग होता. आत भांड्याचा आवाज झाला तशी त्यांची मान वळली.

"कोण आहे आत?"

"भाची. चहा टाकतेय. ताईची लेक हो. फितुराची पोर म्हणून जिला शाळेत कुणी शेजारी बसवून घेत नव्हतं, ती."

 तळघरातच काम करणारी शाईची थोरली बहीण हेर म्हणून सीमेपलीकडे गेली ती परत आलीच नाही. पाठोपाठ तिकडची आपली सगळी माणसं पकडली गेली. चौकशी झाली आणि फितुरीचा शिक्का ताईच्या नावावर बसला. तो आजतागायत पुसला गेला नव्हता.

"नमनाला घडाभर तेल नको," साहेब म्हणाले. "या तुझ्या पुस्तकाचं शेवटचं पान काढून टाक. नवी आवृत्ती छापायला जायच्या आत."

"ते का?"

"बाकीची कोडी पोरखेळ आहेत. अक्षरं पुढं सरकवा, मागं सरकवा. शेवटचं तसलं नाही. आपण सगळ्यांनी शपथ घेतली होती शाई, आणि ती अजून लागू आहे. बभ्रा झाला तर तळघराच्या नावाला बट्टा लागेल. माझ्याही."

"तुमच्या नावाला कसा लागेल बाई?"

साहेबांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. पूर्वी या पोरीला खोटं बोलता यायचं नाही. कुणाचं बिस्किट खाल्लं तरी कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. तळघरातल्या ओलीनं कुडकुडत दोघी बहिणी एकाच स्वेटरवर हिवाळा काढायच्या, आणि ताई काहीतरी पुटपुटली की हिला हसू आवरायचं नाही. त्याच मुलीचा चेहरा आज धुतलेल्या पाटीसारखा कोरा होता. हिला काय माहीत आहे, आणि किती?

"उगाच घाबरताय," ती पत्रं चाळत म्हणाली. "एकाही मुलाला सुटलेलं नाही. हा पठ्ठ्या लिहितो, उत्तर आहे 'उद्या शाळेला सुट्टी'. ही म्हणते, लेखिकाबाईंनी चष्मा बदलावा. एकीच्या वडिलांनी कॉलेजातल्या कॉम्प्युटरवर घातलं. त्यानंही हात टेकले."

साहेबांना जरा बरं वाटलं.

"ताईचं तू अजून मनाला लावून घेतलंयस," ते मवाळपणे म्हणाले.

"तिचा एखादा निरोप आला असता तर नसतं लावून घेतलं."

"आला असता तर मी स्वतः तुझ्या हातात दिला असता. पलीकडे गेली आणि गप्प झाली. एक अक्षर आलं नाही, शाई. चौकशीत मी तेच सांगितलं. दुसरं काय सांगणार?"

"खरंच. दुसरं काय सांगणार?" तिनं पत्रं बाजूला ठेवली. "पण तुमची खेप फुकट गेली हो. ते कोडं नाहीच मुळी. पान रिकामं राहत होतं. छापखान्यातल्या माणसाला म्हटलं, भर रे कुठलीही अक्षरं, बसू देत पोरांना डोकं खाजवत."

साहेब खुर्चीत ताठ बसले. आयुष्यभर त्यांनी माणसांची खोटी बोलणी ऐकली होती, पण आपण सोडवलेल्या मजकुराला कुणी निरर्थक म्हटलेलं त्यांना कधीच सोसलं नव्हतं.

"कुठलीही अक्षरं?"

"कुठलीही."

"मग मी वाचून दाखवतो." त्यांनी पुस्तक उघडलंसुद्धा नाही. "'ताई फितूर नव्हती. फितूर तळघरातच बसला होता.' शब्दन् शब्द हाच आहे. आता सांग, छापखान्यातल्या माणसाला हे बरं सुचलं? तळघरात बसणारा म्हणजे मीच ना? मुलांच्या पुस्तकातून माझ्यावर शेण टाकतेस?"

तिच्या कानाच्या पाळ्या हळूहळू लाल झाल्या. पकडली, साहेबांच्या मनात आलं.

"किती वेळ लागला सोडवायला?"

"एक संध्याकाळ," ते म्हणाले. अभिमान त्यांना लपवता आला नाही.

भाचीनं ट्रे आणून टेबलावर ठेवला. साहेबांपुढं कप सरकवला आणि मावशीला अगदी खेटून बसली.

"ही लिपी कचेरीची नव्हती, साहेब," शाई म्हणाली. "जायच्या आदल्या दिवशी आम्ही दोघींनी घरी बसून ठरवलेली. कचेरीतल्या कुणावर भरवसा राहिला नाही, तर ताईनं मला हिच्यात लिहायचं होतं. मी ती आजवर कुणाला सांगितली नाही. या पोरीलासुद्धा नाही. आणि एवढ्याशा दोन ओळींवरून ती कुणालाच सुटत नाही, आधी तिच्यात लिहिलेलं काहीतरी हाती लागलेलं असावं लागतं."

साहेबांनी कप उचलला, आणि तसाच खाली ठेवला.

"तिचा निरोप जाळलात," भाचीनं विचारलं, "की जपून ठेवलाय?"